छोटी पोकलेन : मालक तोच ऑपरेटर असेल तर १.७ टन, २.५ की ३.५?

चरखोद्या
मिनी एक्स्कॅव्हेटर घ्यायचा विचार आहे. चालवणार एकटाच, हेल्पर कधी असेल, कधी नसेल. कामं म्हणजे पाइप आणि केबलचे चर (बहुतेक ९०० मिमी ते १.२ मीटर खोल), घराच्या मागच्या बाजूचे फुटिंगचे खड्डे, थोडं काँक्रीट फोडणं, मधूनमधून ऑगर (जमिनीत भोक पाडणारा मोठा स्क्रू).
सगळ्या ब्रोशरमध्ये एचपी आणि खोदाईची खोली ठळक छापलेली असते, त्यावरून काहीच ठरत नाही. तुलना नेमकी कशाची करायची? झिरो टेल (फिरताना मागचा भाग बाहेर न जाणारी) घ्यावी का? आणि जुनी बघायला गेलो तर काय तपासायचं?

पिनबुश
एचपी शेवटी बघा. आधी टेप घेऊन दोन मापं काढा : ज्या जागांत शिरायचं आहे तिथला सगळ्यात अरुंद बोळ, आणि मशीन ज्या गाडीवरून जाणार तिची भारक्षमता. या दोन आकड्यांतच निम्मी यादी गळते.

रुंदीचा हिशोब साधारण असा. एक टनाच्या आतली मायक्रो मशीन चेन (चाकांऐवजी असणारे पट्टे) आत घेतल्यावर ७०० मिमीच्या आसपास असते, बाहेर काढल्यावर ८६०. १.७ टनाच्या वर्गात (कुबोटा यू१७ आणि तिच्या बरोबरीच्या) ९९० मिमी बंद आणि १२४० उघडी. २.५ टनाला दीड मीटरच्या आसपास जागा लागते, ३.५ टनाला १.७ मीटर किंवा थोडी जास्त. म्हणजे एक मीटरच्या फाटकातून जायचं असेल तर चर्चा १.७ टनापाशीच संपते. उंचीही मोजा. कॅनोपी (केबिनऐवजी नुसतं छप्पर) २.३ ते २.५ मीटरवर असते, बोळात वर छज्जा किंवा एसीचं युनिट असेल तर तिथेच अडकते.

चेन आत-बाहेर होणाऱ्या मशीनबद्दल एक गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. आत घेतलेल्या चेनवर फक्त चालायचं. त्या रुंदीवर भरलेली बकेट बाजूला फिरवली की मशीन एका चेनवर उभी राहते. आत शिरल्यावर बूम (मशीनचा मुख्य हात) आणि ब्लेड (माती ढकलायचं पातं) दाबून दोन्ही चेन जमिनीवरून उचला, रुंदी पूर्ण उघडा, ब्लेडचे दोन्ही कान (रुंदी वाढवणारे जोड) बाहेर काढून पिना घाला, मग खोदा. दोन मिनिटांचं काम आहे आणि टाळलं जातं ते नेमकं यासाठीच.

आता वजन. ब्रोशरमधल्या ऑपरेटिंग वेटमध्ये ७५ किलोचा ऑपरेटर आणि भरलेली डिझेल टाकी धरलेली असते. ब्रेकर (काँक्रीट फोडणारा हातोडा), जादा बकेटा, कपलर (अवजार अडकवायचा सांधा), ऑगर यातलं काहीही धरलेलं नसतं. केबिन घेतली तर कॅनोपीपेक्षा शंभरेक किलो वाढतात. १.७ टनाची मशीन तीन बकेटा आणि ब्रेकरसह सहज दोन टनांवर जाते, वर ट्रेलरचं स्वतःचं वजन. गाडीच्या कागदावरची मर्यादा या बेरजेशी जुळवायची.

अर्धा_इंच
वर जे लिहिलंय त्याला एक जोड. तिसरं माप म्हणजे उचलायची सगळ्यात जड वस्तू. खोदताना मशीन सहसा कमी पडत नाही, वेळ जास्त लागतो इतकंच. उचलताना मात्र उलटते.

लिफ्टिंग चार्टमधला आकडा म्हणजे मशीन ज्या भाराला कलते त्याच्या ७५ टक्के, किंवा हायड्रोलिक जेवढं उचलू शकतं त्याच्या ८७ टक्के, यातला जो कमी असेल तो (आयएसओ १०५६७). चार्टमध्ये तीन रकाने असतात : समोर ब्लेड खाली, समोर ब्लेड वर, आणि बाजूला. विक्रेत्याचं बोट नेहमी पहिल्या रकान्यावर असतं. तुम्ही चराच्या कडेने उभे राहून पाइप आत सोडणार, म्हणजे तुमचा रकाना तिसरा. त्यातून बकेट, कपलर आणि साखळीचं वजन वजा करा. छोट्या मशीनवरही हे ६०-८० किलो भरतं.

३०० मिमी आतला व्यास, ३० मिमी जाडी आणि अडीच मीटर लांबीचा सिमेंट पाइप सुमारे १८५ किलोचा होतो. १.७ टनाच्या चार्टवर बाजूच्या रकान्यात पूर्ण पसरलेल्या आर्मचा (बूम आणि बकेट यांच्यामधल्या दांड्याचा) आकडा बघा, मग कळेल पाइप किती जवळ ओढून घ्यावा लागणार ते. आणि बूमच्या सिलिंडरवर होज-बर्स्ट व्हॉल्व्ह नसेल तर उचलण्याचं काम मुळात करूच नका. होज फुटली की बूम सरळ खाली येते, आणि चरात पाइप जुळवणारा माणूस तिच्या खालीच असतो.

लोखंडी_चेन
खोलीच्या आकड्याबद्दल. ब्रोशरमधली खोली म्हणजे दात ज्या सर्वांत खालच्या बिंदूला टेकतो ती. त्या बिंदूवर सपाट तळ मिळत नाही आणि उभी भिंतही मिळत नाही. हातात १५-२० टक्के राखून ठेवा. १.७ टन साधारण २.२ ते २.४ मीटर, ३.५ टन ३ मीटरच्या पुढे. तुमच्या १.२ मीटरला दोन्ही पुरतात, त्यामुळे खोलीवरून पैसे मोजू नका.
लांब आर्मने २०-३० सेंमी वाढतात, पण आर्मची ओढ घटते आणि काउंटरवेट वाढवावं लागतं. मुरमात उथळ चर खणणाऱ्याला आखूड आर्मच बरा.

चरखोद्या
म्हणजे १.७ पुरेल? वेगाचं काय? ३.५ ने दुप्पट काम होतं असं ऐकतो.

पिनबुश
कागदावर काढून बघा. ३०० मिमी रुंद, ९०० खोल चर म्हणजे मीटरमागे ०.२७ घनमीटर माती. १.७ टनाच्या मशीनची बकेट ०.०४ घनमीटर. ती ८० टक्के भरते, आणि सुटी झाल्यावर माती २५ टक्के फुगते, म्हणजे जागेवरची माती एका फेरीत ०.०२५ घनमीटर निघाली. मीटरला १०-११ फेऱ्या. फेरी १८ सेकंदांची धरली तर मीटरला तीन मिनिटांहून थोडं जास्त, तासाला १९ मीटर. मागे सरकणं, लेव्हल बघणं, जुनी केबल हाताने मोकळी करणं धरून १४-१५ मीटर म्हणा.

३.५ टनाला मोठी बकेट लागते, पण चर ३०० चाच हवा असेल तर ती लावून काय करणार? ४५० चा चर निघेल, माती दीडपट, परत भरायला वेळ आणि वाळूही तशीच दीडपट. मोठ्या मशीनचा फायदा रुंद खड्ड्यात, कठीण मुरमात आणि ट्रक भरताना. अरुंद चरात ती दुप्पट काम करत नाही. डिझेल मात्र १.७ ला तासाला दोन लिटरच्या आसपास, ३.५ ला तीन ते चार.

लोखंडी_चेन
इथे थोडा असहमत. हिशोब मऊ मातीचा आहे. कडक मुरूम किंवा दगडगोटे लागले की १.७ टनाच्या बकेटची ब्रेकआउट फोर्स (माती उखडायची ताकद) संपते, मशीनच पुढे ओढली जाते आणि १८ सेकंदांची फेरी ४० वर जाते. फुटिंगची कामं जास्त असतील आणि बोळ रुंद असतील तर ३.५ च. अर्धी कामं एक मीटरच्या फाटकामागे असतील तर १.७ घ्या आणि कडक जमिनीसाठी ब्रेकर नाही तर एकदाती रिपर ठेवा. २.५ टन मला मधल्यामध्ये लटकलेली वाटते. फाटकातून जात नाही आणि ३.५ इतकं उचलतही नाही. तिचा खरा उपयोग एकच, ३.५ टन ज्या ट्रेलरवर बसत नाही त्यावर ती बसते.

सील_किट
हायड्रोलिकबद्दल कोणीच बोललं नाही. ब्रेकर आणि ऑगर दोन्ही लावणार असाल तर हेच सगळ्यात आधी विचारा.

ब्रेकरला एकाच दिशेने तेल लागतं आणि परतीचं तेल व्हॉल्व्हमधून न जाता सरळ टाकीत जायला हवं. परतीच्या वाटेत दाब अडला की ठोके मंदावतात, तेल तापतं आणि ब्रेकरची सीलं जातात. ऑगरला दोन्ही दिशांनी तेल लागतं, नाहीतर अडकलेला ऑगर उलटा फिरवता येत नाही. म्हणून ‘ऑक्झिलरी लाइन आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. एकेरी-दुहेरी बदलणारा कॉक आहे का, तो चालतो का, प्रवाह किती लिटर, दाब किती बार, हे विचारा. १.७ टनाला मिनिटाला २५-३० लिटर मिळतात, ३.५ ला ५०-६० च्या आसपास. मल्चरसारखं (झुडपांचा भुगा करणारं) मोटरवालं अवजार पुढे कधी घेणार असाल तर केस ड्रेनची (मोटरमधून झिरपलेलं तेल परत नेणारी) तिसरी बारीक लाइनही लागेल.

ब्रेकरचं वजन मशीनच्या ५ ते ७ टक्के. १.७ वर ८५ ते १२० किलो. स्वस्त मिळाला म्हणून मोठा लावला की आर्म आणि किंगपोस्टच्या (बूम मशीनला जोडणाऱ्या उभ्या सांध्याच्या) पिना वर्षभरात ओरडतात.

पंपही बघा. गिअर पंपाची मशीन स्वस्त असते, पण बूम उचलताना फिरवली तर एक हालचाल दुसरीचं तेल खाते. व्हेरिएबल पिस्टन पंपाला तीन हालचाली एकत्र जमतात. दिवसभर लेव्हल काढणाऱ्याला हा फरक हाताला कळतो.

अर्धा_इंच
झिरो टेलचं उत्तर राहिलं. यानमारच्या व्हीआयओ मालिकेसारख्या मशीनचा मागचा भाग फिरताना चेनच्या बाहेर जात नाही. भिंतीला चिकटून काम असेल तर मागे बघत राहावं लागत नाही, आणि एकट्या माणसाला ती मोठी सोय आहे. बदल्यात काउंटरवेट आत सरकतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या साध्या मशीनपेक्षा बाजूला कमी उचलते. इंजिनाभोवतीची जागा आवळलेली असते, रेडिएटरपर्यंत हात जात नाही आणि धूळ साचली की तापते.
मागचा भाग आत राहिला तरी केबिनचा पुढचा कोपरा आणि बूमचं बूड बाहेर जातंच. झिरो टेल मशीनने भिंती खरवडल्या जातात त्या पुढून.

भिंतीलगत समांतर चर काढायला बूम स्विंग लागतो (किंगपोस्टवर बूम डावी-उजवीकडे वळणं). तो नसलेली मशीन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

चरखोद्या
पेट्रोल इंजिनच्या एक टनाच्या अगदी स्वस्त मशीन दिसतात, त्या? आणि नवीन डिझेलमध्ये डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) त्रास कितपत?

सील_किट
स्वतःच्या बागेसाठी ठीक, रोजंदारीच्या कामासाठी नाही. त्यातल्या बऱ्याच मशीनना बूम स्विंग नसतो, चालण्याला एकच वेग, पिनांना कठीण बुश नाही, आणि ट्रॅक मोटरचं सील किट मिळेल की नाही ते नशिबावर. घ्यायचीच तर पिनांचा व्यास आणि होजचे थ्रेड प्रमाणित आहेत का ते बघा, म्हणजे सुटे भाग बाहेरून करता येतील.

डीपीएफ : युरोपच्या २०१९ पासूनच्या स्टेज ५ प्रदूषण नियमात धुरातल्या कणांच्या संख्येची मर्यादा १९ किलोवॉटपासून लागू होते, आणि ती पाळायला डीपीएफ लागतो. म्हणून अनेक कंपन्यांनी इंजिन मुद्दाम १९ च्या किंचित खाली ठेवलं आहे. १८.५ च्या आसपासचा आकडा दिसला तर त्यामागे हे कारण असतं. एकटा माणूस सारखा खाली उतरतो, लेव्हल बघतो, मशीन आयडलवर सोडतो, आणि आयडलवरच फिल्टर काजळीने भरतो. तुमच्या वापराला १९ च्या खालचं साधं इंजिन सोयीचं. दोन-चार एचपी कमी पडल्याचं चरात जाणवत नाही.

पिनबुश
जुनी मशीन बघायचा क्रम. घाई करू नका, दीड-दोन तास काढून जा.

पोचल्याबरोबर इंजिनवर हात ठेवा. कोमट असेल तर तुम्ही येण्याआधी चालू केली आहे, गार झाल्यावर परत या. थंड स्टार्टला थोडा धूर चालतो. निळा राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा राहून कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. गरम झाल्यावर ऑइलचं झाकण सैल करा, फुसफुस धूर येत असेल तर रिंगा गेल्या. हायड्रोलिक तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

मग किंगपोस्ट. आर्म पूर्ण पसरा, बकेट गुडघाभर उंचीवर ठेवा, इंजिन बंद करा आणि दात धरून आडवा हलवा. हे माप फसवं आहे. किंगपोस्टच्या दोन पिनांमध्ये अंतर ३५० मिमी आणि दात साडेतीन मीटरवर, म्हणजे वर १ मिमी प्ले (ढिलेपणा) तर खाली १० मिमी. दाताला दोन-तीन सेंमी हललं तर बुश बदलायची वेळ आली. पाच-सहा सेंमी असेल तर बुश बदलून भागणार नाही, बोअर अंडाकृती झाले आहेत, वेल्ड भरून लाइन बोरिंग (भोकं एका रेषेत पुन्हा कापणं) करावं लागेल. बकेटच्या पिना बदलणं त्या मानाने किरकोळ.

स्लू रिंगसाठी (वरचा भाग ज्यावर फिरतो ते बेअरिंग) बकेट जमिनीवर दाबून पुढचा भाग जरा उचला, मग सोडा. वरचं आणि खालचं फ्रेम यांच्यातली फट बघत राहा. फट उघडमिट होताना डोळ्यांना दिसली किंवा ‘टक’ आवाज आला तर डायल गेजने मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. ग्रीस बोटांवर घेऊन चोळा, चमकी दिसली तर बेअरिंग खातंय.

ब्लेडवर मशीनचं पुढचं टोक उचला, इंजिन बंद करा, रॉडवर खूण करा आणि दहा मिनिटांनी बघा. रॉड आत सरकला तर दोषी सिलिंडर, व्हॉल्व्ह किंवा सेंटर जॉइंट (वरून खालच्या भागाला तेल नेणारा फिरता सांधा). मशीन चालवताना ब्लेड आपोआप हलत असेल तर संशय सेंटर जॉइंटवर. मशीनच्या पोटाखाली मध्यभागी तेल दिसेल. सीलं स्वस्त असतात, पण जॉइंट उतरवायला सगळ्या होज सोडाव्या लागतात.

चाल : सपाट जागेवर दोन्ही लिव्हर पूर्ण ढकलून २०-३० मीटर जा. एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही चेनचा ताण सारखा आहे का बघा. तो सारखा असूनही ओढत असेल तर ट्रॅक मोटरच्या होज डावी-उजवीकडे अदलाबदल करून परत चालवा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष वर पंपात किंवा व्हॉल्व्हमध्ये, आहे तिथेच राहिली तर मोटरमध्ये. मोटर महाग पडते, त्यामुळे हे कळल्याशिवाय भाव ठरवू नका.

मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर, लिव्हरचा ढिलेपणा आणि स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या चाकाचे) दात खरं बोलतात. दात हुकासारखे एका बाजूला वाकले असतील आणि मीटर ९०० दाखवत असेल तर पुढची मशीन बघा.

लोखंडी_चेन
नाव लोखंडी असलं तरी तुम्हाला रबरी चेनच घ्यायला सांगेन. तुमचं काम फरशी आणि डांबराजवळ आहे. साधारण १२०० ते १६०० तास मिळतात. पण फोडलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांवर एकाच जागी गरगर वळलात तर त्याच्या निम्म्यात कड फाटते, पाणी आत जातं, तारा गंजतात आणि चेन तुटते. वळताना थोडं पुढे-मागे होत तीन टप्प्यांत वळा.

चेनवर ३०० × ५२.५ × ८० असं लिहिलेलं असतं : रुंदी, पिच, कड्यांची संख्या. नवी मागवताना तिन्ही कळवा. ताण बघायला ती बाजू उचला आणि मधल्या रोलरखालचा झोळ मोजा. बहुतेक छोट्या मशीनला १० ते २० मिमी, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. ढिली असेल तर वळताना आयडलरवरून (स्प्रॉकेटच्या विरुद्ध टोकाचं चाक) उतरते, फार घट्ट असेल तर फायनल ड्राइव्हचं (स्प्रॉकेट फिरवणारा गिअर) बेअरिंग खाते. ताण कमी करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एक फेराच सैल करायचा आणि तोंड त्याच्यासमोर आणायचं नाही. आत प्रचंड दाब असतो.

चरखोद्या
ब्रेकर महिन्यातून आठ-दहा दिवस चालेल. सर्व्हिसचं अंतर बदलतं का? आणि एकट्याने ट्रेलरवर चढवताना काय सांभाळायचं?

सील_किट
बदलतं, आणि बरंच. साध्या खोदाईत हायड्रोलिक तेल १००० तासांना, रिटर्न फिल्टर ५०० ला (पहिला २५० ला). ब्रेकरचा वाटा ४० टक्क्यांवर गेला की तेल ४०० तासांवर येतं, ८० टक्क्यांवर २०० वर. नेमके आकडे आपल्या मॅन्युअलच्या तक्त्यातून घ्या. इंजिन ऑइल आणि फायनल ड्राइव्हचं पहिलं तेल ५० तासांत काढा, त्यात नव्या गिअरचा चुरा असतो.
ब्रेकरला दर दोन तासांनी छिन्नीची पेस्ट, साधं ग्रीस वितळून वाहून जातं. भरताना ब्रेकर उभा ठेवून छिन्नी जमिनीवर दाबा. नाहीतर पेस्ट छिन्नीच्या डोक्यावर साचते आणि पहिल्या ठोक्याला पिस्टन तिच्यावर आपटून खालची सीलं फाटतात. एका जागी १५-२० सेकंदांत फुटलं नाही तर जागा बदला. छिन्नीने दगड उचकटू नका.

अर्धा_इंच
ट्रेलरचं. ट्रेलरचा पाट ७०० मिमी उंच आणि रॅम्प अडीच मीटर असेल तर चढ १६ अंशांचा होतो. १५ च्या आत हवा असेल तर रॅम्प किमान २.७ मीटर घ्या. रॅम्प ओला किंवा चिखलाचा असेल तर रबर घसरतं, आधी पुसून घ्या. गाडीचा हँडब्रेक आणि चाकांखाली ठोकळे, ट्रेलरच्या मागच्या पायांना आधार.
लिव्हरला हात लावण्याआधी स्प्रॉकेट कुठल्या बाजूला आहे ते बघा. वरचा भाग उलटा फिरलेला असेल तर लिव्हर पुढे ढकलल्यावर मशीन मागे जाते, आणि रॅम्पवर हे कळून उपयोग नाही. दोन वेगांपैकी हळू वेग, बकेट पाटापासून वीत-दीड वीत वर, आणि रॅम्पवर असताना स्लू अजिबात नाही. वर गेल्यावर ब्लेड आणि बकेट दोन्ही टेकवा, स्लू लॉक पिन घाला. चार कोपऱ्यांना चार साखळ्या खालच्या फ्रेमच्या कड्यांतून घ्या, चेनवरून नको. बूमवरून पाचवी. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर थांबून ताण पुन्हा बघा, मशीन बसते आणि साखळ्या सैल होतात.